ताटात काय होतं ते आधी सांग

कमलअक्कांना कुणीही काहीही सांगायला लागलं की त्या मध्येच हात वर करत आणि म्हणत, "ते र्‍हाऊ दे. ताटात काय होतं ते आधी सांग." कुणाचं लग्न मोडल्याची बातमी असो, कुणाच्या घराची वास्तुशांत असो, नाहीतर टीव्हीवर दाखवलेला परदेशातला पूर असो. ताट आधी, बाकीचं मागाहून. सुरुवातीला मला वाटलं, ही बाई खादाड दिसते. खादाड त्या मुळीच नव्हत्या. अर्ध्या पोळीचे तुकडे करत बसायच्या आणि समोरच्याच्या पानाकडे बघायच्या.

मी जळगावात घरी बसून कॉम्प्युटरवर स्पॅनिश शिकवते. माझे विद्यार्थी सगळे पुण्या-बंगळुरातले. इथे माझ्या उद्योगाचा कुणाला पत्ता नाही. शेजारच्या काकू मला आजही 'फ्रेंचवाली' म्हणतात आणि मी सुधारायचं सोडून दिलं आहे. म्हणूनच एका वैशाखातल्या दुपारी बेल वाजली आणि दारात डोक्यावर पदर घेतलेली, मूल घ्यावं तशी केळीची फणी कडेवर घेतलेली एक बाई "स्पेनचं बोलनारी तूच का व?" म्हणाली, तेव्हा मी चक्रावलेच. कमलअक्का असोद्याहून बसने आल्या होत्या. घामाने निथळत होत्या, पण पाणी नको म्हणाल्या. आधी काम.

मी रीतीप्रमाणे पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. हे टेबल, ही खुर्ची, ही खिडकी. अक्कांनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि माझ्या हातातलं पुस्तक मिटवलं. "टेबल मना घरी बी शे, बाई. मले विहीनबाई काय बोलते ते समजाव."

अक्कांचं माहेर धुळ्याकडचं. लग्न होऊन असोद्याला आल्या तेव्हा त्यांच्या तोंडातलं 'आहे'ऐवजी 'शे' ऐकून सासरची पोरंटोरं हसायची. हळूहळू बोलणं असोद्याचं झालं, पण आनंद झाला किंवा राग आला की 'शे' आपोआप बाहेर यायचं. त्यांची मुलगी रूपाली स्पेनमध्ये नोकरीला गेली, तिथेच एका मुलाशी लग्न केलं आणि व्हॅलेन्सियाजवळच्या एका गावात, संत्र्यांच्या बागांमध्ये संसार थाटला. सासूचं नाव पिलार. रूपाली फोनवर रोज एकच सांगायची, "बठ्ठं बरं शे, आई." म्हणजे सगळं बरं आहे. आईची भाषा मुद्दाम बोलायची लाडानं. आणि नेमकं त्याच वाक्यावर अक्कांचा विश्वास नव्हता.

"पोरी मायले खरं सांगतस नई," त्या मला म्हणाल्या. "मी बी नाही सांगितलं." नव्या नवरीच्या दिवसांत त्यांची आई असोद्याला भेटायला आली होती. अक्कांनी तिला हेच सांगितलं, बठ्ठं बरं शे. आई ओसरीवर विहिणीसोबत दाणे निवडत बसली. बोलता बोलता सासू कौतुकानं म्हणाली, तुमची पोर लई कमी खाते हो. एवढंच. निघताना आईनं अक्कांना दाराआड घेतलं आणि विचारलं, "तुला इथं कुणी वाढत नाही का गं?" अक्का त्या दिवशी आईच्या गळ्यात पडून रडल्या होत्या. "तर असं र्‍हातं," त्या मला म्हणाल्या. "पोरीचं खरं तिच्या सासूच्या बोलण्यात सापडतं. मनी सासू निदान मराठी तरी बोले. आता ही पिलारबाई."

मी शिकवणीचे पैसे घेणार नाही म्हटल्यावर त्यांनी फणी टेबलावर ठेवली आणि विषय मिटवला.

पिलार मोठी बोलघेवडी बाई. व्हॉट्सॲपवर लांबच लांब आवाजी निरोप पाठवायची, मागे भांड्यांचा खणखणाट, कुत्र्याचं भुंकणं, कुणीतरी कुणावर ओरडतंय. आणि साधं बोलणं तिला ठाऊकच नव्हतं. दर वाक्यात एक वाक्प्रचार. अक्कांच्या मुलानं मोबाइलमध्ये भाषांतराची सोय करून दिली होती, पण ती शब्दाला शब्द लावून मोकळी व्हायची. एकदा अक्का हसत हसतच आल्या. मोबाइल म्हणत होता, काल रूपालीच्या वाढदिवशी आम्ही घर खिडकीतून बाहेर फेकलं. असोद्यात मुलाची भीतीनं गाळण उडाली होती, भूकंप झाला की काय! अक्का मात्र शांत. "त्याले म्हटलं, येड्या, आधी ऐक, ताटात काय काय होतं ते सांगते ती. भात, कोळंबी, दोन परकारचे केक. घर पडलेल्या घरी कुणी केक करतं का?" मी सांगितलं, खर्चाला मागेपुढे न बघता मोठी मेजवानी करणं, याला ते असं म्हणतात. अक्कांनी समाधानानं मान हलवली. वाढदिवस थाटात झाला होता. सासू हात आखडणारी नव्हती.

दुसऱ्या खेपेला पिलार म्हणाली होती, तुझ्या मुलीच्या जिभेवर केस नाहीत. म्हणजे मनात येईल ते तोंडावर बोलते, भीडभाड नाही. मला वाटलं अक्का नाराज होतील. कसल्या नाराज! पदर तोंडाला लावून खदाखदा हसल्या. "आपल्याकडे जिभेला हाड नसतं, त्यांच्याकडे केस नसतात. पोर दबली नाही म्हनजे तिथं." मग एकदम थांबून, "पन हे म्हनताना ती हसत होती का रागात होती? परत लाव." आम्ही परत लावलं. हसत होती.

सगळंच त्यांना लगेच उमगायचं असं नाही, उगीच त्यांना मोठं करत नाही मी. पिलारनं रूपालीला आपल्या मुलाचं 'अर्धं संत्रं' म्हटलं, तर या बाई चांगल्या फुरंगटल्या. "अर्धंच? एवढ्या बागा संत्र्यांच्या, पुरं द्यायला काय झालं होतं?" मी समजावलं की जोडीदाराला म्हणतात तसं, दोन अर्धी मिळून एक. तरी पटेना. एवढं शिकवून मलाच राग आला. म्हटलं, अक्का, तुमच्या विहिणीनं माझं डोकं खाल्लं. त्या म्हणाल्या, "हे बी शिकव तिले." आणि खरंच पुढच्या निरोपात मला ते पिलारला पाठवायला लावलं. पिलारला इतकं आवडलं की ती गावभर सांगत सुटली.

त्यांचा सगळ्यांत आवडता शब्द होता 'आप्लातानादा'. पिलार एका भर उन्हाळ्यातल्या दुपारी जांभई देत म्हणाली होती, मी पार केळी झाले. सुस्ती चढली, हातपाय हलवावेसे वाटत नाहीत, याला तिकडे केळी होणं म्हणतात. असोद्याच्या बाईला हे समजावून सांगायची गरजच नव्हती. अक्का मला एकदा त्यांच्या केळीच्या बागेत घेऊन गेल्या. बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं आणि आत शिरलं की हिरवा अंधार. मोठमोठी पानं एकमेकांवर टेकलेली, पायाखाली ओल, कुठूनतरी पाणी सोडल्याचा आवाज येतोय आणि थांबतोय. आम्ही बांधावर बसलो आणि बोलायचंच विसरलो. घड आपल्या वजनानं खाली वाकून झोपल्यासारखे लटकत होते. किती वेळ गेला कोण जाणे. "बघ," अक्का खूप वेळानं पुटपुटल्या, "विहीनबाई इथं कधी आली नाही, पन तिले ठाऊक शे."

त्यांना अधूनमधून बोलता बोलता विसरायला व्हायचं. वाक्य अर्धं सोडून खिडकीबाहेर बघत राहायच्या. पिलारचा त्यावरही एक वाक्प्रचार होता: माझा देव आभाळात निघून गेला. अक्कांनी तो तसाच्या तसा उचलला. "थांब व, देव गेला आभाळात. येईल खाली." मग आम्ही दोघी देव खाली येईपर्यंत चहा घ्यायचो. माझ्या वर्गातली मुलं पडद्यावर वाट बघत बसायची, बसू देत. त्या दुपारी मला अजून स्वप्नात येतात.

मग एका फाल्गुनात अक्का आल्या त्या चप्पल न काढता आत आल्या. पिलारचा निरोप आला होता, एका वाक्याचा. 'तू इखा नो लेवान्ता काबेथा.' मोबाइलनं त्याचं केलं होतं, तुमची मुलगी मान वर करत नाही. गल्लीतल्या बायका खूश झाल्या होत्या. बघा, सून असावी तर अशी, परदेशात जाऊनही वळण सुटलं नाही! पण अक्कांचा चेहरा पांढरा पडला होता. "मनी पोर आणि मान खाली? ती मान तिच्या बापालाबी खाली घालता आली नाही." आणि मग माझा हात धरून, "मागं भांडी वाजत नाहीत आज. कुत्रं नाही. ती एकटी खोलीत जाऊन बोलली. मले खरं सांग, मास्तरीन."

मला सांगावंसं वाटत नव्हतं, पण त्यांच्यापुढे लपवालपवी चालत नसे. सांगितलं. एकदा खचलेलं माणूस पुन्हा उभारी धरत नाही, तेव्हा असं म्हणतात.

आम्ही तिथल्या तिथे रूपालीला फोन लावला. "बठ्ठं बरं शे, आई," ती म्हणाली. ताटात काय होतं? "जेवले ना." काय जेवलीस? "जेवले, आई." अक्कांनी फोन ठेवला आणि पिलारला लावायला सांगितला. पिलारनं आधी टाळाटाळ केली, मग रडायलाच लागली. रूपालीच्या पोटातलं बाळ गेलं होतं. थंडीतच. आईला सांगायचं नाही म्हणून रूपालीनं घरात सगळ्यांना शपथ घातली होती. "मी शपथ मोडली नाही," पिलार पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मी काहीच सांगितलं नाही. मी फक्त एवढंच म्हटलं."

मी एकेक वाक्य भाषांतर करून सांगत होते. अक्का रडल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "शहानी बाई शे." बसमध्ये चढताना म्हणाल्या, "आज उशीला विचारते. उद्या सांगते." तोही पिलारचाच वाक्प्रचार होता, निर्णय रात्रभर डोक्याखाली ठेवायचा.

उशीनं सांगितलं ते असं. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, तोंडावर आली होती. आमच्या खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात. पण लेक आपली आपण येत नाही, तिला आणायला माहेरचा मुराळी जावा लागतो. "आपल्या पायानं आलेली पोर आणि कुणी जाऊन आनलेली पोर, फरक शे," अक्का म्हणाल्या. रूपालीला नुसतं 'ये' म्हटलं असतं तर ती काहीतरी सबब सांगणार होती. भाऊ जाईल म्हणावं तर त्याच्याकडे पासपोर्टसुद्धा नाही. मी म्हटलं, मग मुराळी कोण? अक्का म्हणाल्या, पिलारबाईला फोन लाव.

मी कागदावर सुरेख वाक्यं लिहून आणली होती. अक्कांनी कागद बाजूला सारला. "पिलार," त्या मोबाइलसमोर वाकून मोठ्यानं बोलल्या, आवाज मोठा केला की स्पेनला पोचतो अशी त्यांची खात्री होती. "एचामे ऊना मानो." एक हात टाक माझ्याकडे, म्हणजे माझी मदत कर. एवढं त्यांचं त्यांना येत होतं. मग माझ्याकडे वळल्या, "आता तिले मुराळी सांग." मी सांगितलं, सासरी गेलेल्या मुलीला सणासाठी माहेरी घेऊन जायला येणारं माणूस. पिलार गोंधळली. "पण मी तर सासू आहे!"

"म्हनून तर," अक्का म्हणाल्या. "तुझ्यासोबत येईल ती. तुले नाही म्हननार नाही."

मग पिलार म्हणाली, "एसो एस्ता एचो." ते झालंच समज.

आणि आली की हो ती बाई! मोठ्या टोपीखाली लालबुंद होऊन, सुनेचा हात धरून, असोद्याच्या स्टँडवर उतरली. सासूच मुराळी होऊन आल्याचं असोद्यानं कधी ऐकलं नव्हतं. बघायला अर्धी गल्ली लोटली. रूपाली वाळली होती. आईला म्हणाली, "बठ्ठं बरं शे, आई." अक्का म्हणाल्या, "हो बाई. चल जेवायला."

खापरावरच्या पुरणपोळ्या होत्या, आमरस होता, कुरडया होत्या. जेवण झालं तसे सगळे हात धुवायला उठले. पिलार उठेना. त्यांच्याकडे जेवण झाल्यावर पानावरच बसून गप्पा मारतात, तासन्‌तास. हे अक्कांना ठाऊक होतं, त्याही उठल्या नाहीत. मग रूपालीही बसली, मीही. खरकटे हात वाळले. बाहेर लिंबाच्या सावलीत झोक्याची दोरी कुरकुरत होती, कुणाच्या तरी पोरी गात होत्या, दुपार आमरसासारखी घट्ट झाली होती. दोन म्हाताऱ्या एकमेकींशी दोन भाषांत बोलत होत्या आणि मला कुणी काही विचारत नव्हतं. केव्हातरी रूपालीनं वाळलेल्या हातांनीच आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि सांगायला लागली. अगदी पहिल्यापासून. अक्का तिच्या केसांतून बोटं फिरवत होत्या. पिलारला शब्द कळत नव्हते, पण काय चाललंय ते कळत होतं. ती डोळे पुसत ताटातला रस बोटानं चाटत होती.

संध्याकाळी रूपाली झोक्यावर बसली. पिलारनं मागून झोका दिला तो इतक्या जोरात की ती किंचाळली आणि हसली. अक्का ओट्यावरून ओरडल्या, "हळू व विहीनबाई, पोर शे ती मनी!"

पिलार निघाली तेव्हा अक्कांनी विहिणीची ओटी भरली. रूपाली मागे महिनाभर राहिली, मग भरल्या अंगानं परत गेली.

अक्का गेल्या त्या यंदाच्या हिवाळ्यात. हृदयाचं दुखणं होतं, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. रूपाली आली होती, शेवटचे दिवस आईजवळ होती. मी भेटायला गेले तेव्हा अक्का खिडकीशी पडून होत्या, बाहेर केळीच्या पानांवर कोवळं ऊन. मला जवळ बोलावलं. "मास्तरीन, तुले एक सांगायचं र्‍हायलं शे..." आणि थांबल्या. बराच वेळ बाहेर बघत राहिल्या. मग मिस्कील हसल्या. "देव गेला आभाळात." मी म्हटलं, येईल खाली, आपण चहा घेऊ. चहा झाला, पण ते काय होतं ते राहूनच गेलं. मला त्यांची फार आठवण येते. दुपारी बेल वाजली की अजून वाटतं, दारात फणी घेऊन उभ्या असतील.

तेराव्यानंतर रूपाली काही दिवस असोद्यातच राहिली. भेटायला येणाऱ्यांना चहा करून द्यायची, भावजयीच्या कामाला हात लावायची, सगळ्यांशी नीट बोलायची. मला म्हणाली, मी बरी आहे, ताई. मीही ते धरून चालले आणि माझ्या वर्गांना लागले.

परवा दुपारी माझ्या मोबाइलवर पिलारचा आवाजी निरोप आला. मला तिनं कधी निरोप पाठवला नव्हता, जे काही असायचं ते अक्कांच्या मोबाइलवर. मागे भांडी वाजत नव्हती. कुत्रं भुंकत नव्हतं. एकटी खोलीत जाऊन बोलत होती. "रूपाली मला रोज सांगते, तोदो बिएन, तोदो बिएन," ती म्हणाली. सगळं ठीक. "मी काय वेडी आहे? तू जवळ आहेस, तू जाऊन बघ. काय जेवते ते आधी सांग मला. बाकीचं मागाहून."

मी तो निरोप पुन्हा लावला. पोरी मायले खरं सांगतस नई, अक्का म्हणायच्या. आणि रूपाली आता पिलारला खरं सांगत नव्हती. म्हणजे तिला अजून आई होती.

मी त्या दिवशीचे वर्ग रद्द केले आणि गाडी काढून असोद्याला गेले. मागच्या अंगणात वांगी भाजल्याचा वास येत होता. रूपाली चुलीपाशी ताट घेऊन बसली होती. मी तिला कशी आहेस म्हणून विचारलं नाही. पाट ओढून तिच्या शेजारी बसले आणि तिच्या ताटाकडे बघितलं.